हवालदारांच्या काचपेटीतले मासे

काचेवर बोटाचं पेर टकटक वाजवायचं, मिशी खालच्या ओठावर दाबायची आणि आतल्या माशांना दरडावायचं, "मिळून र्‍हायाचं." सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की हवालदारांचं पहिलं काम हे. देवाला हात जोडणं त्यानंतर.

साताऱ्यात माझं शिवणकामाचं दुकान आणि त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही छपरापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे त्यांचा एकही हुकूम माझ्या कानावरून चुकला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मीही बोलणार आहे, पण आधी माझा राग सांगणार आहे. इतकी वर्षं झाली तरी तो काही उतरलेला नाही.

लढाई संपली तेव्हा हवालदारांची पलटण कलकत्त्याला होती. तिथल्या साहेबाच्या बंगल्यात काचेच्या पेटीत मासे पाळलेले असत आणि त्यांचं पाणी बदलण्याचं काम हवालदारांकडे होतं. साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्यातली एक जोडी त्यानं यांना देऊन टाकली. दुसरा कुणी असता तर त्यानं घड्याळ मागून घेतलं असतं. यांनी रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात मासे घातले, झाकणाला भोकं पाडली आणि तो डबा मांडीवर घेऊन साताऱ्यापर्यंत प्रवास केला. पेन्शनीच्या पहिल्याच महिन्यात लोहाराकडून चौकट करून घेतली, काचा बसवल्या, फटींना लुकण भरलं आणि पेटी दुकानाच्या दर्शनी बाजूला मांडली.

मासे होते मात्र बघण्यासारखे. अंगानं ताटलीसारखे चपटे, वर-खाली लांब पर, रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे. साहेब त्यांना एंजल म्हणायचा म्हणून हवालदारही एंजल म्हणत, आणि पेठेतले लोक पतंग म्हणत. त्यांची चाल सावकाश होती, कुठं जायची घाई नसलेल्या माणसासारखी. चाकात हवा नीट असतानाही लोक हवा भरायला येत आणि पेटीपुढं उभे राहत. थंडीच्या दिवसांत हवालदार पेटीला पलटणीतलं कांबळं गुंडाळत आणि खाली कंदील ठेवत. इतकी काळजी घेणारा माणूस वाईट कसा म्हणायचा? तेच तर माझं दुखणं आहे.

एवढ्या मोठ्या पेटीत दोनच मासे, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. माहुलीला जाऊन त्यांनी नदीतले बारीक, चकचकीत मासे फडक्यात धरून आणले आणि पेटीत सोडले. सकाळी बघतात तर निम्मे गायब. साधूसारखा चेहरा करून हिंडणाऱ्या त्या एंजलांनी ते गिळले होते. तोंडात मावेल ते खाणं हा त्यांचा धर्म. हवालदार संतापले आणि शिक्षा म्हणून त्यांनी एंजलांचं त्या दिवसाचं गांडूळ बंद केलं. ज्यांचं पोट फुटायला आलं होतं त्यांना उपाशी ठेवण्याची शिक्षा. मी मशीनवर पाय थांबवून हसलो.

मग त्यांनी नदीतूनच मोठे मासे आणले, लाल शेपटीचे, चपळ, तोंडात न मावणारे. आता फिर्याद उलटी झाली. हे नवे मासे एंजलांच्या लांब परांना येता-जाता चावे घेऊ लागले. त्या रेशमी झिरमिळ्या आठवड्याभरात उंदरानं कुरतडलेल्या कापडासारख्या दिसायला लागल्या.

मी भिंतीवरून म्हणालो, "हवालदार, ह्यांस्नी येगळं काढा. चावत्यात ती."

"मास्तर, तुमी कापड बेता," ते म्हणाले. "बराकीत शीख, पठाण, मद्राशी आन आमी मराठं, समदी एका पत्र्याखाली झोपलो. येक दिस मारामारी झाली, दुसऱ्या दिशी परेड. ह्यांस्नी काय धाड भरलीया?"

बराकीत बंदुकीचा धाक असतो आणि महिन्याला पगार असतो, हे त्यांना कोण सांगणार? आमच्या पेठेत तर त्यांचं कौतुकच होतं. हवालदारांची शिस्त, हवालदारांची शिस्त. ज्यांच्या घरात दोन जावा एका चुलीवर नांदत नव्हत्या ते सगळ्यात जास्त माना डोलवायचे.

हवालदारांना एकच मुलगी, हौसा. आई लहानपणीच गेलेली. हवालदारांनी रजेवर येऊन आटपाडीकडच्या एका घरात तिचं लग्न लावून दिलं होतं. चार भाऊ, एकत्र खटलं, भरपूर जनावरं. एका दुपारी ती सर्व्हिस मोटारीतून उतरली आणि बोचकं मांडीवर घेऊन काचपेटीशेजारी बसली. पाणी प्यायला हात पुढं केला तेव्हा मनगटावर भाजल्याचा पट्टा दिसला. उलथन्याच्या रुंदीचा. असलं भाजणं चुकून होत नाही, हे सांगायला वैद्य लागत नाही.

हवालदारांनी तिला चहा पाजला, भजी आणून दिली, नवं लुगडं घेऊन दिलं. चार दिवस लेकीला बघून त्यांचा आवाजही उतरला होता. आणि मग स्वतः तिचं बोचकं उचलून समोरच्या मोटार स्टँडवर नेलं.

"भांड्याला भांडं लागायचंच, पोरी," जाताना ते म्हणत होते. "येका घरात दहा मानसं. मिळून र्‍हायाचं."

"आबा, मी मिळून र्‍हाती. तीच र्‍हाईनात," हौसा म्हणाली. मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही म्हणावं, तर मला दुकानाच्या पायरीवर ऐकू आलं होतं.

सुगीनंतर ती पुन्हा आली, अर्धी होऊन. या वेळी बापाकडे न जाता आधी माझ्या दुकानात आली. "मास्तर, तुमी सांगा की आबांस्नी. तुमचं ऐकतील." माझं कधी ऐकलं होतं त्या माणसानं? तरी मी गेलो. बोललो. हवालदार पाना हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माज्या घरच्या गोष्टीत सुई घालू नका." दुसऱ्या दिवशी हौसा परत मोटारीत होती. त्या वेळी ती रडली नाही. पेठेतल्या दोघा-तिघांनी पुन्हा शिस्तीचं कौतुक केलं. माझ्या हातात दाभण असता तर मी त्यांची तोंडं शिवली असती.

थंडी पडली. एक दिवस जोडीतला एक एंजल पाण्यावर आडवा तरंगताना मिळाला. दुसरा पेटीत ठेवलेल्या विटेच्या आडोशाला, तोंड कोपऱ्यात खुपसून उभा होता. परांचे नुसते काटे उरले होते. हवालदारांनी लोणच्याची रिकामी बरणी घासून धुतली, कोमट पाणी घातलं, मिठाची चिमूट टाकली आणि त्या माशाला ओंजळीनं उचलून तीत ठेवलं. बरणीला कांबळं गुंडाळलं. दिवसभर बरणीजवळून हलले नाहीत. सायकल मागायला येणाऱ्यांना हातानंच परत पाठवत होते.

मला ते बघवेना. मी भिंतीवरून नव्हे, सरळ त्यांच्या दुकानात शिरलो.

"माशाला बरनी दिलीसा," मी म्हणालो. "पोरीला काय दिलंसा, हवालदार? लुगडं?"

ते उठले. मला वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तरी मी शब्द मागं घेतले नसते. पण त्यांनी मला हातानंच बाहेर जायची खूण केली आणि दुकानाच्या फळ्या आतून लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी बिल्ले लावलेला पलटणीतला कोट घालून ते आटपाडीला गेले. परत आले ते एकटेच. भिंतीपलीकडून, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात त्यांनी मला झालेलं सांगितलं. ते दारात उभे राहून "चल घरला" म्हणाले, तेव्हा हौसा उंबऱ्यातच उभी राहिली.

"आता न्हाई येत, आबा. धाकल्या दिराचं लगीन झालंया. पोर लय ल्हान हाय, भाकरी बी थापाय येत न्हाई तिला. मी गेली तर समदं तिच्या अंगावर पडंल." आणि मग म्हणाली, "तवा ठिवून घेतलं असतंसा तर र्‍हायली असती."

बोलण्यासारखं सगळं त्या पोरीनं बोलून टाकलं होतं.

बरणीतला एंजल त्याच आठवड्यात मेला. हवालदारांनी नदीचे मासे नदीत सोडले, पेटीच्या काचा तसबिरीवाल्याला देऊन टाकल्या, सायकली विकल्या आणि गाव सोडलं. कुठं गेले हे पेठेला बरेच दिवस कळलं नाही. मला मोटारवाल्याकडून कळलं, म्हणून मी मुद्दाम आटपाडीला गेलो.

हौसाच्या सासरच्या घरासमोर त्यांनी एक खोली घेतली होती आणि दारात खुर्ची टाकून, त्या रणरणत्या उन्हात तोच लोकरी कोट घालून ते बसले होते. समोरच्या घरातून जावई बाहेर आला. आत कुणावर तरी ओरडत होता. खुर्चीकडे नजर गेली तशी त्यानं तोंड मिटलं आणि बैल सोडायला निघून गेला.

"मी हितं बसलो की घरात आवाज चढत न्हाई," ते मला म्हणाले. "उठलो की चढतो."

"मग?"

"मग उठत न्हाई."

हे आधी केलं असतं तर, असं माझ्या ओठावर आलं होतं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून गिळलं. पुढच्या उन्हाळ्यात ते तिथंच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या भेटीतच.

मी निघालो तेव्हा हौसा बाहेर आली. तिच्या मागं डोक्यावरचा पदर सावरत एक कोवळी पोर उभी होती, तिची धाकटी जाऊ. त्या पोरीची मनगटं स्वच्छ, भाजल्याची खूण नाही. "बरं हाय न्हवं, मास्तर?" हौसानं मला विचारलं. वडिलांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता आत गेली.

"अजून बोलत न्हाई," हवालदार म्हणाले.

"बोलू बी न्हाई तिनं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, तांब्या उचलला आणि समोरच्या दारावरची नजर न काढता पाणी प्यायले.