सागबेनची पाठवणी

मी फिजिक्स शिकवते. भुताखेताचं काही कानावर आलं की माझा पहिला प्रश्न — तेव्हा वारा कुठून होता? त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू येतंय... तरी लिहिते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बडोद्यात, अकोट्याला राहायचो. नवरा शेखर मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात. आणि माझे सासरे नाना — त्यांच्याकडे विषय एकच, लहानपणचं गाव! डभोईच्या पुढे, छोट्या लाईनीवरचं. नानांचे वडील तिथे रेल्वेत मालबाबू. पूर्वेच्या जंगलातून सागाचे ओंडके बैलगाड्यांनी यायचे, स्टेशनात मालगाडीच्या वाघिणींमध्ये भरून बडोद्याला जायचे. लाकूड कापायच्या गिरण्या, वखारी, खाणावळी... बाजाराच्या दिवशी म्हणे पाय ठेवायला जागा नसायची. पुढे जंगल विरळ झालं, धंदा बसला, माणसं पांगली.

"नाना, किती फेकता! बस ने आता," शेखर म्हणायचा. आधी नाना कडाकडा भांडायचे. त्या वर्षी मात्र ते नावं विसरायला लागले होते. एक दिवस मला हळूच म्हणाले, "सूनबाई, हे सगळं मी मनानंच तर रचलं नाही ना गं?" पुढच्याच रविवारी शेखरला नवी मारुती काढायलाच लावली.

गाव कसलं... भर दुपारचं ऊन, ओसाड माळ, बाभळी. रूळसुद्धा उखडून नेलेले. रस्त्याकडेला चहाची एक लारी, म्हणजे हातगाडी, बस्स. नाना गोल गोल फिरत राहिले. "सायडिंग इथे होतं... की तिकडे?" चेहरा एवढासा झाला. शेखरही चिडवायचं विसरला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नाना, एवढाले ओंडके चढवायचे तरी कसे?"

म्हातारा खुलला! ओंडका म्हणजे नवरी. वाघिणीत चढवायची म्हणजे तिची पाठवणीच. मुकादमानं हाक द्यायची, हमालांनी ओ द्यायची आणि त्या ठेक्यावर रेटायचं. नानांनी बाह्या सरसावल्या आणि ते खच्चून ओरडले, "ऊठो सागबेन!"

समोरून, पंधरा-वीस गळ्यांतून, एका ठेक्यात आलं — "हेंडो सासरे!"

म्हणजे, चला सासरी. समोर चिटपाखरू नव्हतं. शेखरनं माझा दंड घट्ट धरला. प्रतिध्वनी म्हणाल, तर तो आपलेच शब्द परत देतो हो, पुढची ओळ नाही म्हणत! नाना मात्र रंगात आलेले. "रडो मा, सागबेन!" म्हणजे रडू नको — "हेंडो सासरे!" शेवटच्या खेपेला तर कुणीतरी मध्येच फिस्सकन हसलं. भीती वाटायला हवी होती. मला चक्क लग्नघरात आल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात लारीवाला धावत आला. "साहेब, आटला बधा माणसो शेमां आव्या? चा केटली मूकुं?" एवढी माणसं आली तरी कशातून आणि चहा किती टाकू, हा त्याचा प्रश्न. मग आमच्या एकुलत्या मारुतीकडे तो बघतच राहिला.

वारा, रेडिओ, शेतातले मजूर... मी सगळं पडताळून पाहिलं. कशातच बसत नाही. आणि लारीवाल्यानंही ऐकल्यामुळे आमचा भास म्हणायचीही सोय उरली नाही.

परतताना शेखरनं चाचरत विचारलं, "नाना... कोण होते हो ते?"

"कोण म्हणजे? आपलीच माणसं," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी विसरतो रे हल्ली... पण त्यांनी मला ओळखलं."