सुरुचीची एकटीची बस

तर काल कुठे थांबलो होतो मी? हां, सुरुची बसमध्ये चढली. माझी नात, एकवीस वर्षांची. तिला समजायला वेळ लागतो, पण एकदा समजलं की ब्रह्मदेव आला तरी विसरायची नाही. पिपलानीच्या तिच्या खास शाळेत रेवती टीचरनी वर्गात खुर्च्यांची बस मांडून सहा महिने सराव घेतला होता. तिकीट काढायचं, स्टॉप ओळखायचा, आपलं माणूस मागे राहिलं नाही ना, ते बघायचं. त्या दिवशी अयोध्या नगरच्या मसाला केंद्रात ती एकटीनं पोचली, तर पॅकिंगचं काम पक्कं होतं. नाहीतर आणखी एक वर्ष खुर्च्यांची बस.

आता एकटी म्हणजे कशी? मागच्या सीटवर भर मे महिन्यात मफलर गुंडाळलेला मी, डोळ्यांपर्यंत ओढणी बांधलेली तिची आई कमलिनी, बसमध्येही हेल्मेट न काढलेला माझा मुलगा दिगंबर, आणि तोंडासमोर हजेरीपट धरलेल्या खुद्द टीचर! लपायच्या नादात आमचं कुणाचंच स्टॉपकडे लक्ष नव्हतं. सुरुचीचं होतं. ती उठून कंडक्टरला म्हणाली, “भैया, रुकिए, मेरे चार लोग हैं।” मग एकेकाचा हात धरून तिनं आम्हाला उतरवलं, मोजलं आणि रस्ताही ओलांडून दिला.

केंद्रातल्या बाईंनी आमची वरात पाहून कपाळाला हात लावला. “अगं, एकटीनं यायचं ठरलं होतं ना?”

“मी एकटीच आले, मॅडम. यांना मी आणलं.”