खांबेट्यांच्या कोनाड्यातले दोन दगड

दूधविनायकच्या गल्लीत ढुंढिराज खांबेटे यांचं घर विचारलं, की कोपऱ्यावरचा पानवाला आधी विचारतो, "कौन गुज़र गया?" जिवंत माणसाचं त्या घरी काय काम, असा त्याचा समज आहे, आणि तो फारसा चूक नाही. मराठी माणूस काशीत गेला, की पुढचं सगळं खांबेटे बघतात. ही चौथी पिढी. पणजोबा कऱ्हाडहून वेद शिकायला रामघाटावर आले आणि धर्मशाळेत वारलेल्या एका एकट्या यात्रेकरूला खांदा देता देता या कामात पडले. आजोबा मृताच्या गावी पोस्टकार्ड टाकत: "हे पोचेपर्यंत सर्व यथासांग झाले असेल, काळजी नसावी." वडिलांनी टेलिफोन घेतला. आता मुलगा यज्ञेश शववाहिनी, लाकडं, हॉटेल आणि मृत्यूचा दाखला एका मोबाइलवर जमवतो. मंत्र मात्र ढुंढिराजांचे. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, गुडघे कामातून गेलेले.

अश्मेही तेच सांभाळतात. चितेभोवती फिरताना खांद्यावरचं मडकं ज्या दगडाने फोडतात, तो अश्मा. गेलेला माणूस दहा दिवस त्या दगडात वस्तीला असतो असं मानून त्यावर रोज घाटावर नेऊन तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्याला तो गंगेत सोडायचा. हॉटेलवाले असला पाहुणा खोलीत ठेवू देत नाहीत. म्हणून सगळ्यांचे अश्मे खांबेट्यांच्या ओसरीवरच्या कोनाड्यांत राहतात. त्यांवर नाव लिहायचं नाही, हा आजोबांचा नियम. गोंधळ होऊ नये म्हणून दुसरा नियम असा, की घाटावरून एका खेपेला एकच अश्मा वर आणायचा.

गेल्या माघात एकाच दिवशी दोन मृत्यू झाले. अकोल्याचे निवृत्त एसटी कंडक्टर मोहन यांची आई यात्रेत गेली, वय शहाऐंशी. आणि बदलीवर बनारसला आलेल्या बँक अधिकारी मुक्ता यांचे वडील गेले. वडिलांना अग्नी मुक्ताबाईंनीच दिला. ढुंढिराजांच्या वडिलांनी हे चालू दिलं नसतं, ढुंढिराज देतात. नवव्या दिवशी दोघांचं पाणी एकाच वेळी आटोपलं. पायऱ्यांकडे बघून ढुंढिराजांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली आणि त्यांनी नियम मोडला. उजव्या हातात मोहनरावांची आई, डाव्या हातात मुक्ताबाईंचे बाबा घेऊन ते निघाले. गल्लीच्या तोंडाशी समोरून सांड आला. भिंतीला धरायला एक हात मोकळा हवा, म्हणून दोन्ही दगड एका मुठीत गेले. सांड निघून गेला. ढुंढिराजांनी मूठ उघडली. आत दोन तांबूस दगड, ओले, जुळ्या भावांसारखे.

"अहो, आईंचा चपटा होता ना?" घरी पत्नी बकुळताईंनी विचारलं.

"दोन्ही चपटे आहेत."

"मग त्या सांडालाच विचारा."

सून ईशानी विद्यापीठात भूशास्त्र शिकवते. तिने भिंग लावलं. "बाबा, दोन्ही चुनारचा पत्थर, घाटाच्या पायऱ्यांचा. शायद एकाच पायरीचे तुकडे असतील."

"एवढं शिकून एवढंच?"

"एवढं तरी पक्कं आहे. तुमचं तेही नाही."

यज्ञेशचा उपाय सोपा होता. "एकेक द्या दोघांना. कुणाला कळतंय?"

जेवताना ढुंढिराजांनाही तो पटत आला. सांगितलं तर अकोल्यापासून बँकेतल्या सगळ्या मराठी माणसांपर्यंत नाव खराब होणार. न सांगितलं तर उद्या नाव-गोत्र उच्चारताना आपण कोणाला हाक मारतोय, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसणार. चाळीस वर्षांत त्यांनी एकही मंत्र अंदाजाने म्हटला नव्हता. भात तसाच टाकून ते उठले.

दहाव्याच्या सकाळी रामघाटावर त्यांनी दोन्ही अश्मे पाटावर ठेवले आणि काय झालं ते सरळ सांगितलं. सांडासकट.

"अहो, त्यात काय!" मोहनराव म्हणाले. "मीच उचलला होता. हा आमचा."

"काहीतरीच! ही कड बघा ना, हा बाबांचा."

दोघांचं बोट एकाच दगडावर होतं. दुसऱ्याला कोणी वाली उरला नाही.

"चूक माझी आहे," ढुंढिराज म्हणाले. "नवे दगड घेऊन दहा दिवसांचं पाणी पहिल्यापासून घालता येईल, मी इथून हलणार नाही. नाहीतर दोघांनी दोन्ही अश्म्यांवर पाणी घाला, मी दोन्ही नावं दोन्हींवर घेतो. कोणी तहानलेलं राहणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

मोहनराव घोटाळले. "पण गुरुजी, आई जुन्या वळणाची. परक्या माणसाबरोबर..."

"बाबा सज्जन होते हो," मुक्ताबाई म्हणाल्या. "फक्त बोलायचे फार. त्यांना लांबून बघितलं, की इथले नावाडी होडी वळवायचे."

मोहनरावांनी थोडा विचार केला. "मग हरकत नाही. आई दोन्ही कानांनी ठार बहिरी होती."

दहा दिवसांत मुक्ताबाई पहिल्यांदा हसल्या, इतक्या मोठ्याने की शेजारच्या पायरीवरचे लोक वळून बघू लागले. ढुंढिराजांनी घसा खाकरला आणि कामाला सुरुवात केली. सगळं दोनदा म्हणायचं असल्याने ऊन डोक्यावर आलं. कावळ्याने कोणाचा पिंड कोणता ते न विचारता दोन्हींना चोच लावली. होडीतून मध्यावर जाऊन दोन्ही अश्मे एकदमच सोडले.

घरी आल्यावर बकुळताई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"मुक्ताबाईंनी मोहनरावांना तेराव्याला थांबवलंय. दोघांचं जेवण एकत्रच, आपल्याकडे."

"गोड काय करायचं?"

"आईंना पुरणपोळी आवडायची, बाबांना श्रीखंड."

"दोन्ही करते," बकुळताई म्हणाल्या. "पण पुरण तुम्ही वाटायचं."

तेराव्याला पहाटे ढुंढिराज खांबेटे सोवळं नेसून पाट्यापाशी बसले. दीड किलो डाळ होती. त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही.