उतारावरचं डावं वळण

मी भित्रा माणूस आहे. हे लपवून पाहिलं, पण आमच्या घरात काळजीसुद्धा मोठ्यानं करायची पद्धत, त्यामुळं लपलं नाही. राजारामपुरीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. पोरगी समोरच्या शिकवणीला जायला रस्ता ओलांडू लागली की मी गल्ल्यावरून "रिक्षा बघ, रिक्षा!" म्हणून ओरडायचो. बहुतेक वेळा रिक्षावालाच दचकून थांबायचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. पोरगी तेव्हा चौदा वर्षांची. तिनं हट्ट करून जाड टायरची, गिअरवाली सायकल घेतली आणि मग एकच खूळ डोक्यात घेतलं: पन्हाळ्याच्या बाजूनं मुरमाच्या वाटेनं डोंगर उतरायचा आणि कोडोलीला आजोळी जायचं. मी नाही म्हणालो. बायको दुकानात पाव्हण्यांसमोर म्हणाली, "एवढं भ्या वाटतंय तर तुम्हीबी जावा की बरोबर." चारचौघांत बोलल्यावर माघार घेता येईना. तसलीच एक जुनी सायकल मी मागून आणली.

अर्ध्या उतारावर एक डावं वळण आहे. डावीकडं डोंगर असा पुढं आलेला, की पलीकडचं काही दिसत नाही. उजवीकडं वाट संपते ती थेट घळीत. वर सगळा सुटा मुरूम. ती पुढं होती आणि मी मागं, दोन्ही ब्रेक करकचून दाबून, जीव मुठीत धरून. ती वळणात शिरली, सायकल डावीकडं कलली. ते बघून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ब्रेक लाव! ब्रेक!"

तिनं दचकून मागं पाहिलं आणि ब्रेक दाबला. पुढचं चाक घसरलं. सायकलीसकट ती फरफटत कडेला गेली आणि थांबली तेव्हा तिचा एक पाय घळीवर लोंबकळत होता. सायकल टाकून मी अक्षरशः रांगत गेलो आणि तिचं मनगट धरलं. ते मी कोडोली येईपर्यंत सोडलं नाही. दोघांच्या सायकली एकेका हातानं ढकलत आम्ही खाली आलो.

सासूबाईंनी तिच्या कोपराला हळद लावत विचारलं, "पडलीस कशी गं?"

"घसरली सायकल," ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. तिनं घेतलं असतं तर बरं झालं असतं.

वाकलेली सायकल घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडं गेलो. हा एके काळचा पैलवान, दोन्ही कान मोडलेले. मी झालं ते खरं सांगितलं. तो चाक फिरवत ऐकत राहिला.

"मालक, कुस्तीत मान जिकडं वळंल तिकडं अंग जातंय. सायकलचं तसंच हाय की. तुम्ही मागनं ओरडलासा, तिनं मान मागं केली. मग सायकल वाटंवर ऱ्हाणार कशी?"

"मग तिला शिकवा तुम्ही."

"तिला येतंय. शिकाय पायजे तुम्हाला."

पुढचे तीन रविवार सकाळी त्यानं मला मैदानावर दोन विटा मांडून वळायला लावलं. वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि सगळं वजन त्याच्यावर. सायकल कलली तरी आपण अंग तिच्याबरोबर कलू द्यायचं नाही. आणि नजर वळण जिथं संपतं तिथं. बाकीचं जमलं, नजर जमेना. माझी नजर विटेवर, आणि सायकल नेमकी विटेवर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागं वीट लागली होती. तिसऱ्या रविवारी दोन्ही गुडघे सोलल्यावर मी एकदाचा पार झालो.

"हे भ्या जाणार कधी?" मी विचारलं.

"जात न्हाय. आखाड्यात हलगी वाजली की माझ्या पोटात आजबी कालवतंय. तसंच उतरायचं असतंय."

थंडीत आम्ही पुन्हा गेलो. वळणाच्या वर ती थांबली.

"पप्पा, तुम्ही पुढं व्हा. वळून बघायचं नाही आणि बोलायचं नाही."

"आणि तू पडलीस तर मला कळणार कसं?"

"कळेल की. आवाज येईल."

मी निघालो. वेग कमी केला, उजवा पाय खाली दाबला, ब्रेक सोडला आणि डोंगराच्या नाकापलीकडं वाट जिथं दिसू लागते तिथं बघत राहिलो. चाक जरासं सरकलं आणि धरलं. मी पार झालो होतो. त्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. थोडं खाली जाऊन थांबलो, वळणाकडं पाठ करून.

मागं काहीच आवाज नव्हता. ती निघाली का, घाबरली का, कडेला उभी आहे का, काही कळेना. खाली कोडोलीकडचा ऊस दिसत होता. त्याच्याकडं बघत मी उभा होतो. तोंड उघडलं. तिचं नाव घशापर्यंत आलं. मी शर्टाची बाही दातांत धरली.

मग मुरूम खरवडल्याचा आवाज आला. मागच्या वेळी पडताना आला होता, तसाच. मी डोळे मिटले. मान वळवली नाही, पण एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

माझ्या कोपराजवळून वारा गेला. डोळे उघडले तेव्हा तिची पाठ पुढं होती, आणि ती न थांबता उसाकडं उतरत होती. मी बाही तशीच दातांत धरून रडलो.

पुढं ती माझ्याशिवाय कितीतरी उतार उतरली. पण ते वळण तिनं न पडता पहिल्यांदा कसं घेतलं, ते मी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर तिला ते जमलं नसतं.