गाडी नसलेल्या घराची आयुधपूजा

आमच्या घरी गाडी नाही, असं मी कॉर्पोरेशनच्या इंजिनिअरला छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा त्याच छातीवरच्या खिशात गाडीची किल्ली होती.

खोटं बोलायला कारण होतं. माझी बायको सुलभा फिजिओथेरपिस्ट. रोज मारतहळ्ळीच्या हॉस्पिटलात जाऊन लोकांच्या कंबरा सरळ करायची आणि ट्रॅफिकमध्ये स्वतःची वाकडी करून परत यायची. एके दिवशी तिने राजीनामाच देऊन टाकला.

"आता घरीच क्लिनिक," ती म्हणाली. "खालच्या पोर्चला भिंती घालू. गुडघेदुखीच्या बायकांना जिना नको."

"आणि गाडी?"

"ते तुम्ही बघा."

मी बघायला गेलो. नियम असा निघाला की घराने आपल्या आवारात गाडीची जागा ठेवलीच पाहिजे, तिला भिंती घालायच्या नाहीत. मात्र घरात गाडी नसेल, मेट्रो जवळ असेल आणि बदल्यात सायकलींचा स्टँड दिला, तर ती जागा माफ होऊ शकते. पण आधी इंजिनिअर येऊन बघणार.

"घरात गाडी आहे?" त्यांनी ऑफिसातच विचारलं.

"छे हो सर! आम्ही मेट्रोवाले."

"येणारे-जाणारे?"

"तेही मेट्रोने. काही तर चालतच येतात!"

(हे सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे; देवाशी मराठी आणि सरकारशी कन्नड अशी आमच्या घराण्याची वाटणी आहे.)

त्याच संध्याकाळी गाडी धाकट्या भावाकडे, दामूकडे, बोम्मसंद्र्याला पाठवली. "महिनाभर तुझ्याकडे ठेव," एवढंच सांगितलं. मग गल्लीतून सायकली उसन्या आणल्या आणि पोर्चमध्ये ओळीने उभ्या केल्या. त्यातली एक तर बाजूला दोन छोटी चाकं असलेली, हँडलला गुलाबी झालरवाली होती. पण नियमात सायकलचं वय कुठे लिहिलंय?

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती. पण सुलभाची नोकरी संपत आली होती आणि इंजिनिअर तारीख देईनात. मी मागेच लागलो.

"शुक्रवारी रजा आहे हो," ते वैतागून म्हणाले.

"मग रजेलाच या ना सर! देवळात जाताना वाटेवरच घर. स्वल्प पाच मिनिटं!"

"सरी, येतो," ते म्हणाले, आणि मी जग जिंकल्यासारखा घरी आलो. कुणाला काही बोललो नाही. परवानगी हातात घेऊनच सुलभाला चकित करायचं ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी अंगणात आलो, तर वडील लिंबांची टोपली घेऊन बसलेले. शेजारी कोहळा, झेंडूच्या माळा, हळदकुंकू.

"अप्पा, एवढी लिंबं?"

"आयुधपूजा आहे ना रे! सगळे आपापल्या गाड्या पूजेला घेऊन येणार."

रजा आहे हे मला माहीत होतं, कशाची तेही माहीत होतं. फक्त इंजिनिअर आणि नातेवाइकांच्या गाड्या यांची डोक्यात गाठ पडली नव्हती! अप्पा आमच्या भावकीत सर्वांत वडील. त्यांच्या हातचं लिंबू चाकाखाली चिरडल्याशिवाय आमच्या नात्यातली एकही गाडी वर्षभर पुढे सरकत नाही.

इंजिनिअरना फोन लावला. बंद. देवनहळ्ळीच्या चुलतबहिणीला लावला.

"अक्का, या वर्षी बसने ये."

"आयुधपूजेला बसने? मग पूजा काय बसची करू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

इंजिनिअर आले तेव्हा रस्त्याच्या कडेला कोपऱ्यापर्यंत गाड्या होत्या. बॉनेटवर झेंडू, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. त्यांनी स्कूटर कशीबशी आत घुसवली आणि लगेच तिच्यामागे एक जीप येऊन थांबली.

"हे कोण?"

"शेजाऱ्यांचे पाहुणे, सर."

तेवढ्यात जीपमधून अक्का ओरडली, "अरे, तुझ्या दारात जागाच नाही! कुणाला तरी मागे घ्यायला सांग!"

इंजिनिअर गुलाबी झालरीच्या सायकलीकडे वळले. "आणि हिच्यावरून कोण येतं?"

मी उत्तर जुळवत होतो, तोच हॉर्न वाजवत दामू आला. माझ्या गाडीतून! धुतलेली, पुसलेली, नव्या नवरीसारखी सजवलेली.

"अण्णा, घे तुझी गाडी! म्हटलं, अप्पांच्या लिंबाशिवाय हिचं वर्ष कसं जाणार?"

इंजिनिअरनी माझ्याकडे पाहिलं. "ही?"

"ही मेट्रोने नाही आली, सर," मी म्हणालो.

ते रागाने स्कूटरकडे गेले, पण मागे जीप, पुढे अप्पा. "थांबा सर, तुमचंही लिंबू राहिलंय!" आणि अप्पांनी सरकारी चाकाखालीसुद्धा लिंबू ठेवलं. आता पूजा होईपर्यंत त्यांना हलता येईना. सुलभा कॉफी घेऊन बाहेर आली, तेव्हा हे स्कूटरवाले पाहुणे कोण ते तिला कळलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. (त्या बघण्याने कुठलीही कंबर सरळ झाली असती!) मग शांतपणे म्हणाली, "सर, मी नोकरी सोडलीय. हे क्लिनिक झालं नाही, तर मी काय करू?"

इंजिनिअर जरा विरघळले. लिंबाचा गुण असेल, नाहीतर कॉफीचा.

"अम्मा, गाडी आहे तिथे गाडीची जागा माफ होणार नाही. पण राहत्या घरातच छोटं क्लिनिक चालवायला गाड्यांसाठी जास्तीची जागा सोडावी लागत नाही. ही पुढची खोली कुणाची?"

पुढची खोली माझी होती. माझं लिहायचं टेबल, माझा पंखा, माझी दुपारची झोप. तिची आठवण कुणालाच होऊ नये, म्हणून तर मी सायकली गोळा करत फिरलो होतो!

"कुणाचीच नाही, सर," सुलभा म्हणाली.

क्लिनिक छान चाललंय. गाडी नियमाप्रमाणे पोर्चमध्ये आहे, आणि नवऱ्यासाठी किती जागा सोडावी याचा नियमच नसल्यामुळे मी गाडीत आहे. मागच्या सीटवर बसून लिहितो. परवा एका आजींनी काच ठोठावली.

"ड्रायव्हर, डॉक्टर आहेत का?"

"आहेत अम्मा," मी म्हणालो, आणि उतरून त्यांच्यासाठी दार उघडलं.