गुत्त्यातला फोन

आमच्या बेटावरच्या मराठी सभेच्या अहवालात छापलंय की ग्रां बुआ गावच्या बलरामची दारू सभेच्या प्रयत्नांनी सुटली. साफ खोटं. ती सुटली गुत्त्यात.

बलराम उसाच्या मळ्यातला मजूर. कोयत्याला त्याच्यासारखा हात गावात नव्हता, आणि रमच्या पेल्यालाही. १९८३ च्या तोडणीत झिंगून कामावर आला आणि कोयता स्वतःच्याच पायावर मारून घेतला. बायको, विद्यावती, पोरीला घेऊन रोझ बेलला बापाकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तीन महिने कोरडे राहा. मग येईन."

मी तेव्हा मजुरांची संघटना बांधत हिंडत होतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण पेपर मी जाहिरातींसकट वाचतो. त्यात रोझ हिल शहरातला एक फोन नंबर सापडला. दारू सोडलेल्या माणसांनीच दारू सोडू बघणाऱ्यांसाठी चालवलेली मंडळी, ना डॉक्टर ना पुजारी. दर आठवड्याला बैठक, पण ती संपायच्या आत आमची शेवटची बस निघून जायची. तेव्हा त्यांच्यातला गास्तों नावाचा गोदीतला जुना कामगार बलरामला म्हणाला, "रोज संध्याकाळी पाचला फोन कर. पहिल्या पेल्याच्या आधी."

आमच्या भागात फोन दोन. एक तुलसीरामांकडे. हे सभेचे अध्यक्ष, सरकारी कचेरीत नोकरीला, दर गणेश चतुर्थीला मांडवात दारूबंदीवर तासभर बोलणार. बलराम लंगडत त्यांच्या दारात गेला. फोनच्या तबकडीला छोटं पितळी कुलूप.

"काका, पाच मिनिटं फक्त."

"अरे, कचेरीतून कधी बोलावणं येईल सांगता येत नाही," तुलसीराम म्हणाले. "आणि मनाचा निश्चय असला तर फोन कशाला हवा? सकाळी उठून देवाचं नाव घे."

देवाला कुलूप लावता येत नाही म्हणून तेवढा वाटून टाकायचा.

दुसरा फोन चिन्याच्या बुतिकात. पुढे तांदूळ-डाळीचं दुकान, मागच्या खोलीत रमचा गुत्ता, आणि फोन नेमका मागच्या भिंतीवर. पाचला बलराम पिणाऱ्यांतून वाट काढत जायचा आणि भिंतीकडे तोंड करून बोलायचा. रमचा वास नाकात, घाम पाठीवर.

"कुणाशी गुलुगुलु चाललंय रे?" नंदलाल पेला नाचवत विचारायचा. "एक घोट घे, आवाज मोकळा होईल."

"माझ्या वाट्याची तूच पी. तुला कमी पडते."

मग बेटावरच्या क्रेओल बोलीत गास्तोंला सांगायचा, आज मुकादमाशी भांडलो, पण प्यालो नाही. पलीकडून गास्तों स्वतःच्या जुन्या लाजिरवाण्या गोष्टी सांगायचा. तेवढंच औषध.

तुलसीरामांची बस त्याच वेळी बुतिकासमोर थांबायची. अध्यक्ष रोज बघत, बलराम गुत्त्यात शिरतोय. चार पावलं आत जाऊन बघायला त्यांचे पाय मळले असते. रोझ बेलला निरोप धाडायला मात्र काही लागलं नाही. सासरा हरिलाल म्हणाला, पोरगी परत जाणार नाही.

मी भडकून रोझ बेल गाठलं.

"हरिलालभाऊ, तो फोन करायला जातो."

"गुत्त्यात?"

"हो, गुत्त्यात."

"मी काय काल जन्मलो?"

मी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि होतं नव्हतं ते बिघडवून ठेवलं. विद्यावती चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.

शनिवारी ती एकटीच बसनं आली. आमच्यातली बाई गुत्त्यात पाय ठेवत नसे. ही सरळ आत गेली. नंदलाल उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसेल. बलराम फोनवर होता. तिनं सगळ्यांसमोर त्याचं तोंड हुंगलं आणि रिसीव्हर हातातून काढून घेतला.

"हा माणूस रोज फोन करतो?"

"ऐंशी दिवस झाले, मादाम," गास्तों म्हणाला. "एकच दिवस नाही आला. लाइन बंद होती."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. "त्या दिवशी कुठं होता?"

"घराला आतून कडी लावून बसलो होतो," बलराम म्हणाला. "इथं आलो असतो तर प्यालो असतो."

तिनं रिसीव्हर त्याच्या हातात परत दिला.

"दहा दिवस राहिलेत. पोरीला तेव्हाच आणीन. आता बोला, अर्धं टाकू नका."

आणि पुढच्या दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी.

दहा दिवसांनी ती पोरीला घेऊन आली. त्यानंतर तो दोनदा घसरला, पंच्याऐंशीत आणि शहाऐंशीत. दोन्ही वेळा विद्यावतीनं त्याला दंडाला धरून पाच वाजता त्या खोलीत नेलं, नंबर स्वतः फिरवला, आणि त्याचं बोलून होईपर्यंत शेजारी उभी राहिली.