मागच्या खोलीची वाकडी खिडकी

सागाचा वास आला की मी अजून थांबते. कुठं रंधा चालू असला की पाय आपोआप मंदावतात आणि मी अमरावतीच्या आमच्या अंगणात जाऊन बसते. समोर मेळघाटातून आलेलं लाकूड पडलेलं, सकाळच्या उन्हात शेजारच्या घरून कापसाची रुई तरंगत येऊन त्याच्यावर बसलेली, आणि मी खांबाला टेकून, नुकतेच दिवस गेलेली. वऱ्हाडात आगगाडी यायच्या आधीची गोष्ट आहे.

समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. कोणाची लढाई, कशाची, आम्हाला काय ठाऊक. एवढंच कळलं, की ज्याच्या त्याच्या दारात सुतार बसला. माझ्या सासऱ्यांनी, आमच्या मामाजींनी, पुढचं घर पाडून नवं बांधायला काढलं. जुन्या घराला रस्त्याकडून खिडकी म्हणून नव्हती. पूर्वी पेंढारी यायचे, तेव्हापासून लोक भीत. खिडकी म्हणजे चोराले आवतन, असं म्हणत. पैसा आला तशी ती भीती गेली, आणि मामाजींना रस्त्याकडं खिडक्यांची रांगच पाहिजे झाली, कमळं कोरलेली, पितळी कड्यांची. आत बसून बाहेर पाहायला नव्हे बरं. बाहेरच्यांनी पाहायला.

मला एकच खिडकी पाहिजे होती आणि ती मागच्या खोलीला. ती खोली पाडायची नव्हती. घरातल्या बायका बाळंत होत त्या तिथंच. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, एक ठेंगणं दार, आत शेगडीचा आणि ओव्याचा धूर. पहिल्या खेपेला मी माहेरी अकोल्याला गेले होते, तिथंही खोली अशीच. मुलगी झाली. पाचवी पुजायच्या आधीच गेली. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तिचा हात दिसला, गालाला गाल लागला, पण तोंड काही मी धड पाहिलं नाही. बाहेर नेली तेव्हा फडक्यात गुंडाळलेली होती. हे मी कोणाजवळ बोलले नाही. काय सांगणार, की माझं लेकरू मलाच ओळखता येणार नाही? जगणं-वाचणं देवाच्या हाती, पण या खेपेला तोंड मला दिसलं पाहिजे, एवढं एकच मनानं घेतलं होतं.

सासूला, आत्याबाईंना, मी धुराचं निमित्त सांगितलं.

"बाळंतिणीच्या खोलीले खिडकी?" त्या म्हणाल्या. "वारं लागंल तुले, अन् लेकरालेही. काहून वो, तुलेच का नवलाचा धूर लागते?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. ते बैलाच्या शिंगांना तेल लावत बसले. माणूस गुणी, पण आईसमोर बोलायची वेळ आली की त्यांना नेमका बैल आठवायचा.

गाडीचं साधं जू करायचं तरी मामाजी लाकूड वर्षभर सावलीत वाळवत. पण शेजाऱ्याच्या खिडक्या चढल्या आणि यांना दम निघेना. ओल्याच सागाला हात घातला. ज्येष्ठाच्या उन्हात एका खिडकीचं कवाड पापडासारखं वाकलं. रस्त्यावर अशी खिडकी लावली तर लोक हसतील, म्हणून मामाजींनी ती चौकटीसकट गोठ्यात टाकली.

सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. दाराआड उभं राहून मांजरीला सांगायचं, ऐकणारा ऐकतो. मामाजी जेवायला बसले तेव्हा मी मांजरीला म्हटलं, "पाह्य वो मने, एवढा साग गोठ्यात उधईच्या पोटात चालला. मागच्या खोलीले लावला असता त घरचं लाकूड घरातच राह्यलं असतं."

वाया गेलेलं मामाजींना पाहवत नसे. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनीही मांजरीलाच उत्तर दिलं. "लावा म्हणा. पण माही कमळं उकिरड्याकडं तोंड करून राहतीन."

लागली खिडकी. चौकटीचं जे अंग भिंतीत जायचं त्याला उधई-वाळवी लागू नये म्हणून बिब्ब्याचं तेल लावलं, आणि आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. पाऊस सुरू झाला, लाकूड फुगलं, ते वाकडं कवाड आणखी अडायला लागलं. मी काही तक्रार केली नाही. कोणत्या तोंडानं करणार?

आता तेलाची गंमत सांगते. पाऊस सरला की खिडक्यांना जवसाचं तेल द्यायचं. ते लाकडात मुरतं आणि वाळतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. पण त्या साली जवस पेरतो कोण? ज्यानं त्यानं बांधापर्यंत कापूस लावलेला. तेल्याकडं घाण्यावर जवस मिळेना. तेल ते तेल, म्हणत मामाजींनी रस्त्याकडच्या खिडक्यांना तिळाचं तेल चोपडलं. ते वाळतंय कशाला! त्यात हंगाम आला, सरकी काढायचे रेचे घरोघरी फिरायला लागले, आणि हवेत उडालेली रुई सगळी त्या चिकट कमळांवर. बघता बघता खिडक्यांना पांढऱ्या दाढ्या फुटल्या. येणारे-जाणारे थांबून पाहत, मामाजींना पाहिजे होतं अगदी तसंच. "भाऊ, खिडक्या वेचणीले आल्या तुमच्या," असं एक शेजारी म्हणाला, तेव्हापासून मामाजी मागच्या दारानं ये-जा करू लागले.

माझ्या खिडकीला मात्र जवसाचंच तेल होतं. अकोल्याला माझी आई भाजीच्या वाफ्याकडेला थोडा जवस टाकायची, तिनं बोळकंभर तेल पाठवलं होतं. मी फडक्यानं थोडं थोडं चोळायची. दुपारची वेळ, घर निजलेलं, लाकूड तेल पीत राही, हळूहळू त्यातल्या रेषा वर येत, आणि पोटातलं लेकरू कूस बदले. बाहेर रेच्यांची कुरकुर चाललेली. मी तिथं बसून त्याच्या तोंडाचा विचार करायची, पण तोंड काही मनात उमटायचं नाही. नुसता उजेड यायचा. त्या दुपारी खऱ्या होत्या की मी पेंगत होते, आता सांगता येत नाही.

पौषात मुलगी झाली. आत्याबाईंनी खिडकी बंद करून वर जाड वाकळ टांगली होती. शेगडी, ओवा, धूर, सगळं होतं तसंच. उठून वाकळ ओढायची माझ्यात ताकद नव्हती, आणि असती तरी त्यांच्यासमोर हात वर गेला नसता. मुलीच्या तोंडावरून बोट फिरवत, नाक कुठं, ओठ कुठं, ते चाचपत मी पडून राहिले. रडू आलं. मोठ्यानं रडले, खोटं कशाला सांगू.

सकाळी आत्याबाई शेक द्यायला निखारे घेऊन आल्या. "काहून रडून राहिली वो? पोर चांगली आहे."

"मले तिचं तोंड पाहू द्या," मी म्हटलं. "पहिलीचं पाह्यलंच नाही मी."

त्यांनी हातातले निखारे खाली ठेवले. मग वाकळ काढली आणि एक कवाड उघडलं. धुरातून तिरपं ऊन आत आलं, त्यात रुई तरंगत होती. त्यांनी मुलीला उचललं आणि माझ्याकडं द्यायच्या आधी स्वतःच उजेडात धरलं. बराच वेळ पाहत राहिल्या. कान दुमडून पाहिला.

"हिच्या कानामागं तीळ आहे," त्या म्हणाल्या. आणि तिला तशीच उजेडात धरून, "याच खोलीत माहे लेकरं झाले, अन् याच खोलीतून गेले. तुहा नवरा तेवढा राह्यला. त्यायच्यात कोणाले तीळ होता का, मले ठाऊक नाही."

मग त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. कपाळ रुंद होतं, मामाजींसारखं. खालचा ओठ माझ्या आईचा. उजेडानं तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"पहिलीले होता का, मलेही ठाऊक नाही, आत्याबाई," मी म्हटलं.

दुसरं कवाड वाकडं, ते अडलेलंच होतं. त्यांनी पदर खोचला आणि तळहातानं ठोकून ठोकून तेही उघडलं.